रिपोर्टवर ‘बॉर्डर शुगर’ आली? सोलापुरातल्या रोजच्या ताटापासून सुरुवात कशी करायची

सोलापुरात कुणाची शुगर ‘बॉर्डरवर’ आली की सल्ले ठरलेले असतात. भात बंद कर, भाकरी खा. साखर सोड, गूळ घे. शेजारच्या काकू मेथीदाण्याचं पाणी सांगतात, ऑफिसातलं कुणीतरी कारल्याचा रस, आणि गावाकडून जांभळाच्या बियांची पावडर येते. सगळे मनापासून सांगतात, पण किती खायचं हे कुणीच सांगत नाही. आमच्या घरात आधी सासूबाईंची शुगर निघाली, मग माझा रिपोर्ट बॉर्डरवर आला. त्या धावपळीत जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहिते.

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: ज्यांना प्रीडायबेटिस सांगितलाय, ज्यांचा टाइप २ डायबेटिस नुकताच निघालाय, आणि ज्यांचे रिपोर्ट ठीक आहेत पण दुपारी जेवलं की डोळे मिटतात. टाइप १ असलेले, गरोदर बाया, लहान मुलं आणि किडनीचा त्रास असलेले यांचं गणित वेगळं असतं. त्यांनी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडूनच आहार ठरवून घ्यावा. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर आधी नववी पायरी वाचा, मग बाकीचं.

१. रिपोर्टवरचे तीन आकडे वाचायला शिका

फास्टिंग: रात्री जेवल्यानंतर किमान ८ तास काही न खाता दिलेलं रक्त. साधं पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नको. आकडा १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस (हीच ती ‘बॉर्डर’), १२६ किंवा वर म्हणजे डायबेटिस.

जेवणानंतरची, म्हणजे पीपी: निदान पक्कं करायचं असेल तर लॅबमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. त्यात १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ बॉर्डर, २०० किंवा वर डायबेटिस. घरी जेवून दिलेल्या पीपीवरून अंदाज येतो, निदान नाही.

एचबीएवनसी: मागच्या दोन-तीन महिन्यांची साधारण सरासरी. यासाठी उपाशी राहावं लागत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ आणि वर डायबेटिस. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं सर्रास आहे, आणि रक्तक्षय असला की हा आकडा फसवू शकतो. म्हणून त्याच वेळी हिमोग्लोबिनही करून घ्या.

इथे लोक दोन ठिकाणी हमखास घसरतात. पीपीचे दोन तास जेवण संपल्यापासून धरतात. ते पहिल्या घासापासून धरायचे असतात. दुसरं म्हणजे परीक्षेच्या भीतीने त्या दिवशी ‘हलकं’ खातात. लॅबसमोरच्या गाडीवर दोन इडल्या खाऊन दिलेली पीपी तुमच्या रोजच्या ताटाबद्दल काहीच सांगत नाही. घरून रोजचाच डबा न्या.

काही त्रास नसताना एकच आकडा वर आला असेल तर डॉक्टर बहुधा पुन्हा तपासणी करायला सांगतात. त्याला कंटाळू नका. आणि खर्चाची अडचण असेल तर तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत शुगर आणि बीपीची प्राथमिक तपासणी मोफत होते. वय तीसच्या पुढे असेल तर त्रास व्हायची वाट कशाला पाहायची?

२. जेवल्यावर झोप का येते ते समजून घ्या

भात, भाकरी, पोळी, बटाटा, साखर, फळं या सगळ्यांतल्या कर्बोदकांचं पोटात ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरतं. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्याच्या मदतीने हे ग्लुकोज स्नायूंत आणि यकृतात जातं. बॉर्डरवरच्या माणसाच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, तरी जेवणानंतर साखर बरीच वर जाते. काहींची ती चढते तशी झपकन उतरतेही, आणि मग चार वाजता हात आपोआप बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. ते बिस्किट पुन्हा तोच खेळ सुरू करतं.

पण प्रत्येक थकव्याचा दोष साखरेवर टाकू नका. दुपारी थोडी सुस्ती येणं हे शरीराच्या घड्याळाचंही काम आहे. रात्रीची झोप अपुरी असणं, हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, बी१२ ची कमतरता यांनीही माणूस गळून जातो. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची नेहमीची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं. आमच्या सासूबाई ‘शुगरमुळे पाय गळतात’ म्हणायच्या, त्यात बी१२ चा वाटा निघाला.

३. भाकरी खा, पण आधी पीठ मोजा

आपल्या जिल्ह्यात हा विषय नाजूक आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी म्हणजे अभिमान, तिला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हे वाक्य इथे कुणी तपासूनही पाहत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सुमारे ६८ ग्रॅम आहेत, गव्हाच्या आट्यात सुमारे ६४, पांढऱ्या तांदळात सुमारे ७८. तंतू ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास, आट्यात ११, तांदळात तीनपेक्षा कमी. म्हणजे पांढऱ्या भातापेक्षा भाकरी नक्कीच बरी, पण चपाती सोडून भाकरी धरली की आपोआप शुगर उतरेल, असं या आकड्यांत काही नाही. फरक पडतो तो किती पीठ पोटात गेलं यावर.

म्हणून हे एकदा कराच. किराणा तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर ताटली ठेवून शून्य करा आणि घरात जी भाकरी करते तिला नेहमीसारखं एका भाकरीचं पीठ त्यात घ्यायला सांगा. कोरडं पीठ तोला, भिजवलेला गोळा नको, कारण त्यात पाण्याचं वजन येतं. सासूबाई मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. त्यांच्या हातचं एका भाकरीचं पीठ ८० ग्रॅम भरलं, माझं ५०. त्या म्हणाल्या, “तुझी काय भाकरी हाय व्हय? पापड नुसता!” चेष्टा सोडली तरी हिशेब बघा: त्यांच्या एका भाकरीत ५४ ग्रॅम कर्बोदकं, माझ्या एका भाकरीत ३४. आणि डॉक्टरांना आम्ही दोघी सांगत होतो, “दोन भाकऱ्या खाते.”

बरेच आहारतज्ज्ञ एका जेवणाला ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करायला सांगतात, मग वजन, काम आणि औषधं पाहून कमी-जास्त करतात. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि वाटीभर घट्ट उसळ घेतली की साधारण तेवढं होतं. वर अर्धी वाटी भात घेतला तर आणखी पंधराएक ग्रॅम.

कडक भाकरीचा सापळा वेगळाच आहे. ती पातळ आणि कुरकुरीत, पाणी सगळं उडालेलं, त्यामुळे हाताला हलकी लागते. आमटीत चुरताना चार कधी संपतात कळत नाही. पाकीट विकत घेत असाल तर वरचं वजन बघा आणि आतल्या भाकऱ्यांच्या संख्येने भागा. एका भाकरीत किती पीठ जातं ते लगेच समजेल. बाजरीची कडक भाकरी असली तरी हिशेब हाच.

भातवाल्या घरांसाठी दोन शब्द. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत भात हेच जेवण असतं. तिथे ‘भात बंद’ हा सल्ला आठवडाभरही टिकत नाही आणि टिकायची गरजही नाही. शिजलेल्या भाताची एक सपाट वाटी म्हणजे साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं. ती एकदाच वाढून घ्यायची, पप्पू म्हणजे घट्ट डाळ मात्र दुप्पट घ्यायची, आणि तीही गोंगुरा (अंबाडी) किंवा पालक घातलेली. अंडं किंवा मासा असेल तर उत्तमच. नडतं ते एवढंच की भात पप्पूबरोबर एकदा, चारूबरोबर (रस्समबरोबर) दुसऱ्यांदा आणि दह्याबरोबर तिसऱ्यांदा वाढला जातो.

४. ताट मांडा, आणि खाण्याचा क्रम बदला

अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-अंडं-मटण-मासे, पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. सोपं वाटतं, पण आपलं नेहमीचं ताट याच्या बरोबर उलटं असतं: मध्ये दोन भाकऱ्या, कडेला चमचाभर भाजी आणि चटणी.

भाज्यांना आपल्याकडे तोटा नाही. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, घोळ, तांदुळजा, थंडीत हरभऱ्याची कोवळी भाजी. कच्चा कांदा, मुळा, काकडी, गाजर तर भाकरीचे जुने सोबती. बटाटा मात्र या अर्ध्या ताटात धरू नका, तो भाताच्या गटात जातो.

डाळीचं म्हणाल तर ‘आमटी रोज असते’ यावर जाऊ नका. वाटीभर पातळ आमटीत डाळ चमचा-दोन चमचे निघते. ती घट्ट करा, किंवा सोबत मटकी, हुलगे, चवळी, हरभरा यांची उसळ ठेवा. तीन-चार डाळी एकत्र करून होणारी माढ्याकडची बाजार आमटी या कामाला छान, फक्त वरचा तेलाचा तवंग आवरा. सावजी मटणाचंही तेच. मटणाने शुगर फारशी चढत नाही, पण रस्सा चांगला म्हणून त्यात भाकऱ्या चुरून खाल्ल्या की चढते. शिवाय तेवढं तेल पोटावर चढतं ते वेगळंच.

शेंगा चटणीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. शेंगदाण्यात प्रथिनं शेकडा २५ च्या आसपास आणि चरबी जवळपास निम्मी. कर्बोदकं कमी, त्यामुळे साखर एकदम उडत नाही. दोन चमचे चटणी दह्यात कालवून घ्या, काही बिघडत नाही. वजन कमी करायचं असेल तर तेलाची धार सोडू नका, एवढंच.

आता क्रम. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-डाळ, शेवटी भाकरी किंवा भात. हाच ऐवज या क्रमाने खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. भाकरी शेवटी नुसती कशी खायची, असा प्रश्न मलाही पडला होता. निम्मी भाजी आधी संपवायची आणि उरलेली भाकरीशी खायची, एवढं केलं तरी चालतं.

नाश्ता हा सोलापुरी घरातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. सुशीला, पोहे, उपीट, इडली, सगळं पिठूळच. त्यात चुरमुऱ्यांचा सुशीला ‘हलका’ समजला जातो. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, वजनाला हलका पण पचायला फार झटपट, म्हणून दोन तासांत परत भूक. करायचाच असेल तर चुरमुरे निम्मे घ्या, त्यात मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे भरपूर घाला, बाजूला उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही ठेवा. त्यापेक्षा ज्वारी-बेसनाचं मेथी घातलेलं एक धपाटं आणि दही मला जास्त वेळ पुरतं.

५. पितो ती साखर मोजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि रसांतली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आता तुमचे चहा मोजा. सकाळचा, अकराचा, जेवणानंतरचा, चारचा, पाहुणे आले म्हणून एक. दर कपाला दोन चमचे धरले तर दहा चमचे झाले, आणि खारी-टोस्ट अजून धरलेच नाहीत.

टपरीवर ‘साखर कमी’ सांगून उपयोग नसतो, कारण चहा एकाच पातेल्यात साखरेसकट उकळलेला असतो. तिथे कटिंग घ्या किंवा घेऊच नका. घरी दर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करत गेलात तर जीभ फारशी कुरकुरत नाही.

गुळाचा चहा हा सध्याचा मोठा भ्रम. गुळात शेकडा ८५ च्या आसपास साखरच असते, बाकी थोडी खनिजं. शुगरच्या हिशेबात गूळ, काकवी, मध आणि साखर यांना एकाच रांगेत बसवा.

ऊस आणि साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात चौकाचौकात रसवंतीची घुंगरं वाजतात. एका मोठ्या ग्लासात पाच-सहा चमच्यांएवढी साखर सहज असते, आणि तंतू सगळे चोथ्यात गेलेले. ४२-४३ डिग्रीत थंड काहीतरी लागतंच. त्यासाठी ताक, ज्वारीची आंबील, मीठ-जिरं घातलेलं लिंबूपाणी ठेवा. डाळिंबाचं म्हणाल तर सांगोल्याचं चांगलं डाळिंब घरात असताना रस कशाला काढायचा? छोटी वाटीभर दाणे चावून खा.

पाकिटावर ‘मल्टीग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’, ‘शुगर फ्री’ लिहिलेलं असलं तरी मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव दिसलं तर तेही साखरेच्याच बाजूने धरा.

६. ग्लुकोमीटर: एक आकडा नको, जोडी बघा

लागतं काय: ग्लुकोमीटर, त्याच कंपनीच्या पट्ट्या, लॅन्सेट (बोट टोचायची सुई), एक वही. मीटर स्वस्तात मिळतं, खरा खर्च पट्ट्यांचा असतो. म्हणून घेण्याआधी पट्टीचा भाव आणि ती जवळच्या मेडिकलमध्ये मिळते का, हे विचारून घ्या.

मोजायची पद्धत अशी: हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटातून रक्त काढलं तर आंब्याचीच साखर मोजली जाईल. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. लॅन्सेट घरात दोघांनी मिळून वापरायची नाही, नवरा-बायको असलात तरी. पट्ट्यांची बाटली उघडी ठेवू नका, फ्रीजमध्ये नको आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर नकोच. गरम झालेली पट्टी काहीही आकडा दाखवते.

मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मानकालाच मान्य आहे. १४० दाखवलं तर खरी साखर १२० असू शकते, १६० सुद्धा. त्यामुळे एका आकड्याने हुरळून जाऊ नका, हबकूनही जाऊ नका.

उपयोग असा करा. एका जेवणाच्या आधी मोजा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी पुन्हा मोजा, आणि वहीत दोन्ही आकड्यांशेजारी ताटात काय होतं ते लिहा. काही दिवसांनी तेच जेवण भाकरी अर्धी करून आणि उसळ वाढवून घ्या आणि परत मोजा. मला ज्वारीपेक्षा पोह्यांनी जास्त चढते, हे वहीनेच दाखवलं. तुमचं वेगळं असू शकतं. डायबेटिस असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य असतं, वयस्कर माणसांसाठी डॉक्टर ते सैल ठेवतात. बॉर्डरवरच्यांनी रोज बोट टोचत बसायची गरज नाही.

सकाळची फास्टिंग जेवणानंतरच्यापेक्षा जास्त दिसली तर घाबरू नका. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात, त्यामुळे काहींचं असं होतं. डॉक्टरांना मात्र ते आकडे दाखवा.

७. एकादशी, संक्रांत, हुरडा

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी घराघरात. आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच आलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, प्रथिनं नावाला. त्यात बटाटा, वर भगर, मग रताळ्याचे गोड काप. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी फास्टिंग करून ‘मी तर काल जेवलेच नव्हते’ म्हणणाऱ्या बायका मी लॅबमध्ये पाहिल्यात.

उपवास सोडायला मी सांगणार नाही. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा थोडी भगर, तीही शेंगदाण्याच्या आमटीसोबत आणि एकच वाटी. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, दही किंवा ताक, एखादा पेरू. खिचडीच हवी असेल तर साबुदाणा निम्मा करून शेंगदाण्याचं कूट वाढवा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी निर्जळी एकादशी असो वा रोजे, आधी डॉक्टरांना भेटायचं. डोसच्या वेळा बदलाव्या लागतात, त्या आपल्या मनाने बदलायच्या नाहीत.

संक्रांतीला शेंगापोळी होणारच. ती जेवणानंतर गोड म्हणून न खाता जेवणातल्या भाकरीच्या जागी अर्धी घ्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत फिरणं भरपूर होतं, तेवढं चांगलंच. हुरड्याला उगाच घाबरू नका, कोवळा असला तरी तो ज्वारीच आहे. गरम हुरडा शेंगा चटणी आणि दह्यासोबत ओंजळभर खाल्ला तर ठीक. शेतावरच्या पार्टीत खरी गडबड हुरड्यासोबतच्या साखर-गुळाने, रेवड्यांनी आणि उसाच्या कांड्यांनी होते, आणि त्यानंतर वर पिठलं-भाकरीचं जेवण असतंच.

८. जेवल्यावर दहा मिनिटं

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात. सकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारणं चांगलंच, पण ते झालं म्हणून रात्री जेवून लगेच आडवं व्हायला मोकळीक मिळत नाही. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणं शक्य नसतं, तेव्हा घरातल्या घरात भांडी आवरा, जिना चढा-उतरा.

चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉर्डरवरच्या लोकांनी फक्त आहार आणि चालणं सांभाळलं, तर डायबेटिस होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. कंबर मोजायला टेप लागते: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत हवी. आणि झोप. रात्री एकपर्यंत मोबाइल बघून दुसऱ्या दिवशीच्या थकव्याला साखर जबाबदार धरू नका.

९. औषध चालू असेल तर हे आधी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना अचानक भात-भाकरी निम्मी केली तर साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. आकडे सुधारले की गोळी तेच कमी करतात. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी असतो. स्वतःची कुठली गोळी आहे हे गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव बघून माहीत करून घ्या, ‘पांढरी, गोल’ एवढ्यावर राहू नका.

घाम फुटणं, हात थरथरणं, छाती धडधडणं, एकदम भूक लागणं, बोलण्यात घोळ होणं: साखर मोजा, आणि मोजायला वेळ नसेल तर न मोजता उपाय करा. ७० च्या खाली म्हणजे कमी. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. इथे शेंगा चिक्की किंवा दुधाचा पेढा कामाचा नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

उलट बाजूला साखर ३०० च्या आसपास, खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, वजन भराभर उतरणं असं दिसलं तर घरगुती प्रयोग थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मेथीदाण्यातल्या तंतूंचा थोडाफार उपयोग होतो, त्याला माझी हरकत नाही. पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करून पाय गमावायची वेळ आलेली माणसं ओळखीत आहेत.

१०. डॉक्टरांकडे जाताना पिशवीत काय हवं

- जुने सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- चालू औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि काढेसुद्धा
- आकड्यांची वही, त्यात किमान तीन दिवसांचं खरं खाणं: चहा, प्रसाद, लग्नातला जिलेबीचा तुकडा सगळं
- ग्लुकोमीटर. लॅबमध्ये रक्त देताना त्याच वेळी बोटावरही मोजा, म्हणजे दोन्ही आकडे ताडून पाहता येतात
- सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर आधार कार्ड, आणि आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) असल्यास तोही

पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, किडनी आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या कराव्यात का, ते विचारा. डायबेटिस पक्का झाला असेल तर डोळ्यांचा पडदा आणि पाय वर्षातून एकदा तपासून घ्यायचे असतात, त्याची तारीखही तिथेच ठरवा. आहारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनी ओट्स, किनोआ, ॲव्होकॅडोचा छापील कागद हातात दिला तर तो गुपचूप घडी करून ठेवू नका. आमच्या घरात ज्वारी, तूर, मटकी, शेंगदाणे असतात, त्यांत बसवून द्या, असं सरळ सांगा. चांगला आहारतज्ज्ञ आनंदाने करून देतो.

एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा. महिन्याभरात केली तर नव्या ताटाचा परिणाम त्यात जेमतेम अर्धाच उतरलेला असतो आणि पैसे वाया जातात. दोन्ही वेळा लॅब तीच ठेवा.